भाजलं तर आधी माठाकडे

चैत्र-वैशाख लागला की खानदेशातल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. कोपऱ्यांना विटा, मधे कुरडयांची चक्रं, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे. खाली अंगणात विटांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलेलं असतं आणि त्यात गव्हाचा चीक शिजत असतो. दोघीजणी आळीपाळीने लाकडी दांडक्याने तो घोटतात, कारण हात थांबला की गुठळ्या होतात. चीक घट्ट होत आला की वर जाड बुडबुडा फुगतो, फटकन फुटतो आणि उकळता गोळा उडून घोटणारीच्या मनगटावर बसतो. तेल सांडलं तर ते निदान ओघळून जातं. चीक डिंकासारखा चिकटतो आणि तिथेच बसून कातडी शिजवत राहतो.

पुढे काय होतं, ते जळगावात काय किंवा साक्रीकडच्या एखाद्या खेड्यात काय, सारखंच. ‘काय व्हयनं माय?’ म्हणत घरातल्या सगळ्या धावतात. एक टूथपेस्ट आणते, दुसरी हळद आणि तूप, तिसरी बटाटा किसायला घेते. कुणी पदराने चीक पुसायला जातं आणि चिकाबरोबर कातडीही निघते. आणि कुणीतरी मोठं माणूस ठामपणे सांगतं, “पाणी लावू नका, फोड येतील.”

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे आणि भाजलेल्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. फोड पाण्याने येत नाही. फोड येतो उष्णतेने, आणि ती उष्णता बाहेर काढण्याचं घरातलं एकमेव खात्रीचं साधन म्हणजे पाणी. गार, स्वच्छ, वाहतं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा गाभा एवढाच आहे. पण खानदेशात, तेही वैशाखात, ‘गार’ आणि ‘वीस मिनिटं’ हे दोन्ही शब्द सोपे नाहीत. म्हणून त्यांच्याकडे नीट पाहायला हवं.

उतरवलेलं वांगं आतून शिजतच असतं

भरताचं वांगं आपण कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतो. जाळावरून काढलं म्हणून ते लगेच गार होत नाही. साल सोलायला घेतली की बोटं पोळतात, आतल्या गरातून वाफ निघत राहते. जाळ बाजूला झाला तरी शिजणं चालू असतं. भाजलेल्या हाताचंही असंच होतं. उकळता चहा सांडला, तव्याला हात लागला, तर स्पर्श क्षणाचा असतो. पण कातडीत शिरलेली उष्णता आत आत उतरत राहते.

मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी १९४७ साली तापमान आणि वेळ यांचं गणित मांडलं. कातडीचं तापमान ४४ अंश सेल्सिअसला पोहोचलं की इजा सुरू होऊ शकते. मात्र त्या तापमानाला खोल भाजायला काही तास लागतात. ६० अंशांना मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत भाजते आणि ७० अंशांना जेमतेम एका सेकंदात. नुकताच गाळलेला चहा ७० अंशांच्या वरच असतो. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यामुळे त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन या शल्यचिकित्सकाने १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे सांगितले. ते आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जातात. मधोमध मेलेली कातडी असते; ती परत येत नाही. सगळ्यांत बाहेर लालसर पट्टा असतो. तो आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधला पट्टा जगण्या-मरण्याच्या सीमेवर असतो. तिथला रक्तपुरवठा मंदावलेला असतो. वेळेवर मदत मिळाली तर तो वाचतो, नाही मिळाली तर पुढच्या एक-दोन दिवसांत मरतो आणि जखम रुंद आणि खोल होते. आपण ओततो ते पाणी या मधल्या पट्ट्यासाठी असतं. वरून भाजलेलं डाग न पडता भरून येणार, की मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागणार, हे पुष्कळदा याच पट्ट्यावर ठरतं.

याचा पुरावाही भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना भाजल्यापासून तीन तासांच्या आत वीस मिनिटं वाहतं गार पाणी मिळालं होतं, त्यांच्यात कातडीचं रोपण करावं लागण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. पाण्याला औषधाचा वास नसतो, रंग नसतो, म्हणून आपल्याला ते औषध वाटत नाही. पण दवाखान्यात पोहोचण्याआधी याहून मोठं औषध कुणाकडेच नाही.

यातला तीन तासांचा उल्लेख लक्षात ठेवण्यासारखा आहे. भाजून अर्धा-पाऊण तास होऊन गेला, कुणीतरी आधीच तूप चोपडलं, म्हणजे संधी गेली असं नाही. तूप हलकेच धुऊन टाका आणि तेव्हापासून वीस मिनिटं मोजा.

कोणतं पाणी, किती पाणी

जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीला जोडलेला नळ सोडून पाहा. चटका बसावा इतकं पाणी येतं. ज्या पाण्याने धडधाकट हात पोळतो, ते भाजलेल्या हातावर ओतून उष्णता बाहेर निघणार कशी? ‘नळाखाली हात धरा’ हा सल्ला थंड देशांत ठीक आहे. इथे मे महिन्याच्या दुपारी तोच सल्ला उलटू शकतो. म्हणून पाणी आधी आपल्या धडधाकट मनगटावर ओतून पाहा आणि गार लागलं तरच जखमेवर घ्या.

आपल्याकडे त्यावरचं उत्तर पिढ्यानपिढ्या घरातच आहे: माठ, रांजण. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. वैशाखातली खानदेशची हवा कडक कोरडी असते, म्हणून बाहेर ४३ अंश असताना सावलीतल्या माठातलं पाणी पंचविशीच्या आसपास उतरू शकतं. आपल्या कातडीचं नेहमीचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश. पाणी त्याहून स्पष्टपणे गार असलं की ते उष्णता ओढून घेऊ लागतं. माठाचं पाणी या कामाला अगदी नेमकं.

दुसरी अडचण पाणी पुरण्याची. नळ रोज न येणाऱ्या वस्त्या जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत कमी नाहीत. धुळे शहराच्या अनेक भागांतही लोकांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी मिळतं. जिथे पिंपातलं पाणी तांब्याने मोजून वापरतात, तिथे ‘वीस मिनिटं वाहतं पाणी’ ऐकून माणूस घाबरतो. म्हणून हिशेबच करू. एका तांब्यात साधारण एक लिटर पाणी मावतं. धार बारीक ठेवली तर मिनिटाला एक ते दीड तांब्या पुरतो. वीस मिनिटांचं झालं वीस ते तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. खाली स्वच्छ घमेलं ठेवलं तर ते पाणी पुढे झाडांना किंवा मोरीला वापरता येतं, वाया जात नाही.

तेवढंही नसेल तर हात किंवा पाय स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि पाणी कोमट वाटू लागलं की बदला. पोट, पाठ, चेहरा असा बुडवता न येणारा भाग भाजला असेल तर सुती कापड ओलं करून ठेवा आणि दर एक-दोन मिनिटांनी पुन्हा भिजवा. कापड तसंच राहिलं तर तेच गरम होतं आणि उपयोग संपतो. घरात फक्त टाकीचं गरम पाणी असेल तर बादली भरून त्यात फ्रिजमधल्या चार-पाच बाटल्या ओता किंवा बर्फाचा ट्रे रिकामा करा. बर्फ बादलीत चालतो, जखमेवर चालत नाही. बर्फ थेट लावला की आधीच मंदावलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि वाचू शकणारा तो मधला पट्टाच दगावतो.

म्हणून ज्या दिवशी घरात कुरडया, पापड, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे किंवा मोठी पंगत असेल, त्या दिवशी चूल पेटवण्याआधी सावलीत दोन बादल्या पाणी झाकून ठेवायचं आणि माठ भरलेला आहे का ते पाहायचं. पीठ-मीठ काढून ठेवतो तितक्याच सहजतेने. खापरावर मांडा टाकणाऱ्या बाईचे हात दोन-तीन तास सतत जाळाच्या वर असतात. तिच्यासाठी एवढं करायलाच हवं.

एक सावधगिरी मुलांसाठी. हिवाळ्यात धुळ्या-जळगावाकडे पारा दहा अंशांखाली उतरतो. लहान मूल भाजलं असेल तर पाणी फक्त भाजलेल्या भागावर ओता आणि बाकीचं अंग गोधडीत गुंडाळून ऊबदार ठेवा. भाजलेला भाग मोठा असेल आणि मूल थरथरू लागलं तर पाणी थांबवून, कोरडं करून, दवाखाना गाठा.

पाणी चालू असतानाच करायची कामं

भाजलेला भाग काही मिनिटांतच सुजायला लागतो. म्हणून पाणी ओतत असतानाच बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ, जोडवी, पैंजण काढून घ्या. बाळाच्या हातातले वाळे, कमरेचा करगोटा, मनगटाचा काळा दोराही. काचेची घट्ट बांगडी निघत नसेल तर कापडात धरून फोडा. सौभाग्याची म्हणून ठेवू नका. सूज आल्यावर तीच बांगडी बोटांचा रक्तपुरवठा तोडते.

कपडे भिजले असतील, चहा किंवा वरण झिरपलं असेल तर कपडा लगेच उतरवा, कारण गरम ओला कपडा कातडीला चिकटून राहतो आणि भाजत राहतो. पण नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटला असेल तर तो ओढू नका. आजूबाजूचा कपडा कापा, चिकटलेला तुकडा डॉक्टरांसाठी राहू द्या. चिकटलेला चीक, गूळ, पाक यांनाही हाच नियम. पुसायचं नाही, खरवडायचं नाही, वरून पाणी सोडत राहायचं. तो गार झाला की त्याचा जोर संपतो.

वीस मिनिटं झाली की कातडी हलकेच टिपून स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका. जुन्या धोतराचं मऊ पान किंवा धुतलेली सुती ओढणी चालते. स्वयंपाकघरात अन्न झाकायची पातळ पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी असेल तर तिची एक पट्टी जखमेवर अलगद ठेवता येते. ती चिकटत नाही आणि डॉक्टरांना वरूनच जखम दिसते. मात्र हातापायाभोवती ती घट्ट गुंडाळू नका.

कापूस मात्र लावू नका. कपाशीच्या या मुलखात घरोघरी कापूस असतो, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. पण कापसाचे तंतू ओल्या जखमेत रुततात आणि नंतर एकेक तंतू चिमट्याने काढावा लागतो. प्रत्येक तंतूबरोबर नवी कातडी सोलली जाते.

टूथपेस्टने गार वाटतं ते पुदिन्याच्या अर्कामुळे. उष्णता आतच राहते आणि वर थर बसतो. तूप, तेल, लोणी यांचंही तसंच: ते उष्णता कोंडतात आणि नंतर धुताना दुखतं. हळद, शाई यांच्या रंगाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. शेण आणि माती यांतून धनुर्वाताचे जंतू जातात. कच्चा बटाटा, अंडं, मीठ यांनी जंतुसंसर्ग आणि आग तेवढी वाढते. हे सगळं प्रेमाने लावलं जातं, हे खरं. पण भाजलेल्या माणसावर प्रेम असेल तर तांब्या हातात घेऊन वीस मिनिटं त्याच्याजवळ बसा. त्याला धीरही त्यानेच येतो.

फोड आला तर फोडू नका. आतलं पाणी निर्जंतुक असतं आणि वरची कातडी ही निसर्गाने बांधलेली पट्टी असते. दुखण्यासाठी वय आणि वजन पाहून पॅरासिटामॉल देता येते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का हे डॉक्टरांना जरूर सांगा.

घरी थांबायचं की निघायचं

भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. ही मोजपट्टी बाळालाही लागू पडते, कारण त्याचा तळहात त्याच्या अंगाच्या मानानेच छोटा असतो. फोड आलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवाच. त्याशिवाय चेहरा, डोळे, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं भाजली असतील; जखम हाताभोवती किंवा गळ्याभोवती कड्यासारखी फिरली असेल; रुग्ण पाच वर्षांखालचा, म्हातारा, गरोदर किंवा मधुमेही असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नका.

एक खूण फसवी असते. जखम पांढरी, मेणचट किंवा काळी दिसते आणि दुखत नाही. घरचे म्हणतात, दुखत नाही म्हणजे फारसं लागलं नाही. उलट आहे. तिथल्या वेदना कळवणाऱ्या नसाच जळून गेलेल्या असतात. ही सर्वांत खोल जखम.

बंद खोलीत आग लागली असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील, थुंकीत काजळी येत असेल, तर श्वासनलिका भाजली असण्याची शक्यता आहे. ती काही तासांत सुजून बंद होऊ शकते. अशा माणसाला बसतं ठेवा आणि क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्यासाठी पैसे पडत नाहीत. साक्री किंवा शिरपूरहून धुळं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, चोपड्याहून जळगाव जवळपास तेवढंच, आणि सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवरून आधी पक्क्या रस्त्यापर्यंत येण्यातच वेळ जातो. रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ पाण्यासाठीच आहे. जास्त भाजलेल्या माणसाला वाटेत पोटभर पाणी किंवा जेवण देऊ नका. त्याला उलटी होऊ शकते, भूल द्यावी लागू शकते. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं.

एका भीतीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. ‘पोलीस केस होईल’ म्हणून भाजलेल्या माणसाला, विशेषतः सुनेला किंवा मुलीला, घरातच ठेवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की, आधी उपचार, कागदपत्रं नंतर. नोंद होते ती रुग्णाच्याच रक्षणासाठी. आणि घरातली बाई वारंवार किंवा संशयास्पद रीतीने भाजत असेल, तर तिला बोलू देणं, तिच्याजवळ एकटं बसून विचारणं हाही प्रथमोपचाराचाच भाग आहे.

आग, वीज, रसायन

कपड्यांना आग लागली की माणूस पळतो आणि वाऱ्याने ज्वाळा वाढतात. थांबा, जमिनीवर पडा, लोळा. ज्वाळा वर चढतात, म्हणून उभ्या माणसाचा चेहरा भाजतो. आडवं झालं की चेहरा वाचतो. मदतीला गेलेल्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. पॉलिस्टरचं ब्लँकेट नको, ते स्वतःच वितळतं. आग विझली की गोधडी काढा आणि पाणी सुरू करा.

विजेच्या धक्क्यात बाहेरची जखम टिचभर आणि आतली नासधूस फार असते. केळीच्या बागेत ओल्या पायांनी मोटारीच्या स्टार्टरला हात लावताना असे अपघात होतात. आधी मेन स्विच बंद करा. त्याआधी माणसाला हात लावू नका. उच्चदाबाची तार तुटून पडली असेल तर लाकूड-काठी घेऊनही जवळ जाऊ नका, महावितरणला कळवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. विजेने भाजलेला प्रत्येक माणूस दवाखान्यात गेलाच पाहिजे, उठून चालत असला तरी. त्याच्या हृदयाचे ठोके तपासणं आवश्यक असतं.

रसायनांचं भाजणं या जिल्ह्यांना अनोळखी राहिलेलं नाही. ३१ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी शिरपूरजवळच्या वाघाडी गावातल्या रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान १३ जणांचा जीव गेला. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात, केकवर लावायच्या फुलझडीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून चार महिला दगावल्या. अशा मोठ्या दुर्घटनेत पहिले मदतनीस असतात ते शेजारच्या शेतातले, रस्त्यावरचे, साधे लोक. त्यांना एवढं तरी माहीत हवं: अंगावर रसायन पडलं असेल तर कपडे, चपला, पट्टा सगळं उतरवायचं, कोरडी पूड असेल तर आधी झटकायची, मग भरपूर पाणी, वीस मिनिटांहून जास्त, जळजळ थांबेपर्यंत. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू असले प्रयोग करायचे नाहीत, त्यातून नवी उष्णता तयार होते. मदत करणाऱ्याने आपले हात प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत.

घरातही हे घडतं. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या डोळ्याजवळ फुटते. चुना डोळ्यात गेला की तो बुबुळ जाळत राहतो. दिसणारा चुना काढा, डोळा उघडा धरा आणि नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही अशी धार सोडा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघायचं ते धुऊन झाल्यावर, आधी नाही.

केळीचं पान

भाजण्याच्या उपचारात महाराष्ट्राने एक सुंदर गोष्ट जगाला दिली आहे आणि तिचा धागा थेट रावेर-यावलच्या बागांपर्यंत पोहोचतो. मुंबईच्या सायन इथल्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. भाजलेल्या जखमेची पट्टी बदलणं हा रुग्णाच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत वाईट क्षण असतो, कारण साधी जाळीची पट्टी चिकटते आणि ओढताना नवी कातडी फाटते. केळीचं पान मोठं, गुळगुळीत, मेणाच्या थराचं. ते चिकटत नाही, ओल धरून ठेवतं आणि स्वस्त असतं. पानं निर्जंतुक करून त्यांनी वापरली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीइतकीच ती गुणकारी, आणि खर्च तिच्यापेक्षा कितीतरी कमी. बटाट्याच्या सालीची पट्टीही मुंबईच्याच डॉ. केसवानी यांनी १९८५ साली मांडलेली.

याचा अर्थ बागेतलं पान तोडून जखमेवर बांधावं, असा मुळीच नाही. बागेतल्या पानावर धूळ, बुरशी, फवारणीचं औषध असतं. पण ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जिल्ह्याने आपल्या पानाचा हा मोठेपणा माहीत करून घ्यावा.

सायनच्या त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून कातडीचा अगदी पातळ थर घेतला जातो. त्याला रक्तगट जुळावा लागत नाही आणि तो ग्लिसरॉलमध्ये अनेक वर्षं टिकतो. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा हीच कातडी तात्पुरतं पांघरूण होऊन त्याचा जीव राखते. नेत्रदानाबद्दल आपण बोलतो, तसं त्वचादानाबद्दलही बोलायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतली बरीचशी स्वयंपाकघरात भाजतात आणि त्यांत बायका आणि मुलं जास्त असतात. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी आणि मग बंबाचं कढत ओतणं, चूल किंवा शेगडी जमिनीवर असेल तर मुलासाठी अंतर आखून देणं, पातेल्याचे कान आतल्या बाजूला वळवणं, गॅसचा वास आला तर बटण न दाबता रेग्युलेटर बंद करून १९०६ वर कळवणं, या सवयींना खर्च लागत नाही.

आणि तरीही कुणी भाजलंच, तर यंदाच्या आखाजीपासून घरात एक नियम करा. हळदीचा डबा नाही, टूथपेस्टही नाही. आधी माठ, हातात तांब्या आणि घड्याळाकडे पाहून पूर्ण वीस मिनिटं. हा नियम घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला आणि ऐंशी वर्षांच्या आजीला, दोघींनाही आजच सांगा. कारण भाजतं त्या वेळी डॉक्टर जवळ नसतो, जवळ असतात त्या दोघीच.